दवाखान्याचे देणे

(नभोवाणीवरील भाषण)



आमच्या इंदूरच्या सराफ्याची कीर्ती आता दूरवर पोचली आहे. रात्री पेढ्या बंद झाल्या, की त्याच पेढ्यांच्या ओट्यांवर कढया चढतात आणि भुट्ट्याचा कीस, जिलबी, मालपुवा, हिवाळा असल्यास गराडू, ह्यांच्या वासाने सारी गल्ली भरून जाते. बाहेरगावचा पाहुणा आला, की त्याला राजवाडा दाखवून मग सराफ्यात नेणे हा इंदूरकरांचा ठरलेला आतिथ्यधर्म आहे. मात्र गेल्या वर्षी ह्याच सराफ्यात मला भर दुपारी जावे लागले. शेजारच्या वहिनींनी हातांतल्या पाटल्या उतरवून रुमालात बांधल्या होत्या आणि सोबतीला कोणी जाणते माणूस असावे म्हणून मला बरोबर नेले होते. पाटल्या काट्यावर चढल्या, कस पाहून झाला, दरमहा शेकडा दोन ह्या दराने व्याज ठरले, आणि एका चिठोऱ्याबरोबर एक लाख दहा हजार रुपये हाती पडले. वहिनींनी ते मोजलेदेखील नाहीत. त्यांना रुग्णालयात परतण्याची घाई होती.

वहिनींचे यजमान, ज्यांना सारी आळी आप्पा म्हणते, त्यांचे वय ७६ वर्षांचे. तरुणपणी येथील एका कापडगिरणीच्या हिशेबखात्यात होते. गिरणी बंद पडल्यावर सियागंजातील एका आडतीवर जमाखर्च लिहून त्यांनी संसार पुढे रेटला. एका शनिवारी रात्री त्यांच्या छातीत कळ आली. मुलाने घाईघाईने जवळच्या खासगी रुग्णालयात नेले, तेथे आधी साठ हजार रुपये अनामत भरावी लागली, दुसऱ्या दिवशी हृदयाच्या रक्तवाहिनीत जाळीची नळी बसवण्यात आली, आणि पाचव्या दिवशी आप्पा घरी आले. एकंदर बिल दोन लाख चाळीस हजारांचे झाले. निघताना जी पावती मिळाली तिच्या तळाशी छापलेले होते: बाकी, शून्य.

मी त्या शून्याकडे बराच वेळ पाहत राहिलो. रुग्णालयाच्या दृष्टीने ते अगदी बरोबर होते. आप्पांकडून त्यांना एक पैसाही येणे नव्हता. पण त्याच दिवशी घरात चार निरनिराळ्या देण्यांचा जन्म झाला होता. पाटल्या सराफाकडे अडकल्या होत्या. मुलाने कचेरीतून पगाराची उचल घेतली होती. वहिनींनी भिशी वेळेआधी उचलली होती. आणि देवासच्या मेहुण्यांनी पन्नास हजार हातउसने दिले होते, ज्याबद्दल ते कधी शब्द काढणार नाहीत आणि म्हणूनच जे सर्वांत जड आहे. आप्पा हाडाचे हिशेबनीस. बरे वाटू लागल्यावर ते मला म्हणाले, "सारा जन्म खतावण्या लिहिल्या हो, पण दवाखान्याचे देणे म्हणून एक खाते उघडावे तर ते कोणाच्या नावे उघडू? दवाखान्याचे तर काहीच देणे नाही."

आजच्या भाषणाचा विषय आप्पांच्या ह्या एका वाक्यात आला आहे. आजारपणाने होणाऱ्या कर्जातून नागरिकांची सुटका करण्यासाठी सरकारे काय करतात, आणि त्यातले आपल्याला काय उपयोगी पडते, ह्याचा थोडा विचार आपण करू.

प्रथम दूरचे उदाहरण घेतो. अमेरिकेत रुग्णालये बहुधा उपचार करतात आणि बिल मागाहून घरी पाठवतात. ते फेडता आले नाही, तर ती थकबाकी रुग्णालयाच्या वहीत राहते, आणि काही काळाने वसुली करणाऱ्या कंपन्यांना नाममात्र किमतीत विकली जाते. शंभर डॉलरांचे बुडीत येणे एखाद्या डॉलरलाही मिळते, म्हणतात. ह्या विचित्र बाजारातून एक सत्कृत्य निघाले. वसुलीच्याच धंद्यात आयुष्य घालवलेल्या दोघांनी २०१४ साली एक धर्मादाय संस्था काढली. ती अशी देणी घाऊक भावाने विकत घेते आणि ऋणकोला कळवते, की तुमचे देणे संपले, आता काही फेडायचे नाही. पुढे सरकारांनीही हा मार्ग धरला. शिकागो शहर ज्यात मोडते त्या कुक परगण्याने २०२२ साली सरकारी निधीतून ह्या कामासाठी १ कोटी २० लाख डॉलर राखले आणि १ अब्ज डॉलरपर्यंतची देणी पुसण्याचा संकल्प सोडला. २०२४ साली नॉर्थ कॅरोलिना राज्याने आणखी निराळी युक्ती केली. जी रुग्णालये गरिबांची व मध्यमवर्गीयांची जुनी देणी माफ करतील त्यांना सरकारी आरोग्ययोजनेतून वाढीव मोबदला मिळेल, असे जाहीर केले. आणि राज्यातील ९९ च्या ९९ पात्र रुग्णालये तयार झाली.

हे ऐकून मन हरखते. आपल्या सरकारने असे का करू नये, असा प्रश्न साहजिकच मनात येतो. त्याचे उत्तर आप्पांच्या पावतीवर आहे. पुसायचे कोठून? आपल्याकडे रुग्णालयाच्या वहीत बाकीच नसते. येथे पैसा आधी आणि उपचार मागून अशी रीत असल्यामुळे आजाराचे कर्ज रुग्णालयाच्या दारातच आपले नाव बदलते. ते सोनेतारण होते, उचल होते, भिशी होते, शेत गहाण पडते. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत रुग्णालयात राहण्याच्या खर्चाचा मुख्य आधार कोणता, असे विचारले असता ग्रामीण भागात शेकडा १३ हून अधिक आणि शहरांत शेकडा ८ हून अधिक प्रसंगी कर्ज हे उत्तर आले. बहुतेकांनी मिळकत आणि शिल्लक ह्यांवर भागवले म्हणून सांगितले. पण मोडलेली ठेव आणि मुलीच्या लग्नासाठी बाजूला काढलेली रक्कम ह्यांचाही त्या 'शिलकी'त समावेश होतो, हे गृहस्थाश्रमी माणसाला सांगावयास नको. त्याच पाहणीने, बाळंतपणे वगळता, एका वेळच्या रुग्णालयवासाचा सरासरी खर्च काढला होता: सरकारी रुग्णालयात साडेचार हजार रुपयांच्या आत, आणि खासगी रुग्णालयात सुमारे ३२ हजार.

आणि अमेरिकेतील त्या ऋणमुक्तीविषयीही एक गोष्ट सांगितली पाहिजे. तेथील अर्थशास्त्रज्ञांनी अशी देणी माफ झालेल्या आणि न झालेल्या हजारो लोकांची तुलना करून २०२४ साली निष्कर्ष प्रसिद्ध केला. सुटका झालेल्यांची सांपत्तिक स्थिती किंवा मनःस्थिती सरासरीने फारशी सुधारलेली आढळली नाही. मदत फार उशिरा पोचली होती. देणे वर्षानुवर्षे थकून, माणूस व्हायचा तेवढा हैराण होऊन गेल्यावर ते पुसण्यात सरकारला पुण्य लाभते, पण घर सावरतेच असे नाही.

सावकारी कर्ज पुसण्याचा मार्ग आपल्याकडेही चोखाळला गेला आहे, आणि तो पुष्कळ जुना आहे. दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी १८७९ साली कायदा झाला तेव्हापासून कर्जनिवारणाचे कायदे होत आले आहेत. आमच्या मध्यप्रदेशाने २०२० साली अनुसूचित जमातींच्या ऋणमुक्तीचा कायदा केला. राज्यातील ८९ आदिवासी विकासखंडांत, परवाना नसलेल्या सावकारांनी १५ ऑगस्ट २०२० पर्यंत दिलेली कर्जे त्याने रद्द ठरवली आणि गहाण वस्तू परत करण्याचे बंधन घातले. कर्ज बियाण्यासाठी काढले, लग्नासाठी काढले, की आजारपणासाठी, हे हा कायदा विचारत नाही. आणि ते योग्यच आहे. धार, झाबुआ, अलीराजपूर, बडवाणी ह्या भागांतून इंदूरला औषधपाण्यासाठी येणारी माणसे आपण रोज पाहतो. पायांतले चांदीचे कडे उतरवल्यावाचून त्यांतल्या कित्येकींची इंदूरची वारी घडत नाही. तथापि कायद्याने ठरवलेल्या तारखेनंतर जो आजारी पडला त्याचे काय, आणि इंदूर शहरातल्या आप्पांचे काय, हे प्रश्न उरतातच. आप्पांचा सराफ परवानाधारक आहे, व्यवहार चोख आहे. त्यात माफ करण्याजोगे काही नाही.

सारांश, आपल्या देशात आजाराच्या कर्जावर सरकारला काही करावयाचे असेल, तर ते कर्ज होण्याच्या आधी करावे लागते, आणि हा 'आधी' म्हणजे रुग्णालयाच्या खिडकीपाशी घालवलेली दहा-पंधरा मिनिटे. ती टळली, की सरकारचा हात तेथवर पोचत नाही.

ही जाणीव आपल्याकडे नवी नाही. १९४६ साली सर जोसेफ भोर ह्यांच्या समितीने आपला प्रचंड अहवाल दिला तेव्हा पैसे देण्याची ऐपत नाही म्हणून कोणीही उपचाराला मुकू नये, हे तत्त्व स्पष्ट शब्दांत मांडले होते. इंदूरपुरते बोलायचे तर होळकरांच्या काळात १८७८ पासून येथे वैद्यकीय शाळा होती. महाराजा यशवंतरावांच्या नावाचे सात मजली रुग्णालय स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकात उभे राहिले, तेव्हा ते पाहण्यासाठीच माणसे येत. आम्ही त्याला नुसते 'एमवाय' म्हणतो. अर्ध्या माळव्याचा आणि निमाडाचा भार ते आजही वाहत आहे. तेथे गर्दी असते, खाटेसाठी थांबावे लागते, नातेवाईक ओसरीत पथारी टाकतात, हे सारे खरे आहे. पण त्या गर्दीतल्या प्रत्येक माणसाने एक कर्ज टाळलेले असते, हेही तितकेच खरे आहे, आणि ते कोणत्याही आकडेवारीत मांडले जात नाही.

दुसरी व्यवस्था गिरणीकामगारांची होती. १९४८ चा कामगार राज्य विमा कायदा १९५२ साली प्रथम कानपूर आणि दिल्ली येथे अमलात आला आणि पुढे इंदूरसारख्या गिरण्यांच्या शहरांत पोचला. पगारातून लहानशी रक्कम कापली जाई, मालक आपला वाटा भरी, आणि घरात कोणी आजारी पडले, की नंदानगरचे विमा रुग्णालय असे. आप्पांच्या आईचे मोठे आजारपण १९८० च्या सुमारास तेथेच निघाले. "एक रुपया उसना घेतला नाही," असे आप्पा आजही सांगतात. मग गिरण्या एकामागून एक बसल्या. हुकुमचंद मिल १९९१ च्या डिसेंबरात बंद झाली आणि तिच्या कामगारांना थकलेले हक्काचे पैसे मिळण्यास २०२३ चा डिसेंबर उजाडला. त्या बत्तीस वर्षांत कित्येकांचे वारस रांगेत उभे राहिले. गिरणी गेली म्हणजे पगार गेला, एवढेच आपण बोलतो. त्याबरोबर ते विम्याचे कार्डही गेले, हे कोणाच्या लक्षात येत नाही. ज्या घराने पिढीभर आजारासाठी कर्ज काढले नव्हते, त्या घराला एकाएकी सराफ्याची वाट धरावी लागली.

त्यानंतर बराच काळ सरकारी मदत थेंबाथेंबाने आली. मध्यप्रदेशात २००४ साली दीनदयाळ अंत्योदय उपचार योजना निघाली. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबांना सरकारी रुग्णालयात दाखल झाल्यास मोफत उपचार, पण त्याला काही हजारांची मर्यादा. महाराष्ट्रात १९९७ पासून जीवनदायी योजना होती. २०१२ साली तिला नवे रूप मिळाले आणि २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले ह्यांच्या नावाने चालते. २३ सप्टेंबर २०१८ रोजी आयुष्मान भारत योजनेचा आरंभ झाला. कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे रुग्णालयीन उपचार, तेही रोकड न भरता, आणि यादीतल्या खासगी रुग्णालयांतसुद्धा. मध्यप्रदेशाने अन्नसुरक्षेच्या यादीतल्या कुटुंबांनाही त्यात घेतले. आणि २९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षे पुरी झालेल्या प्रत्येक नागरिकाला, त्याची मिळकत कितीही असो, 'वय वंदना' कार्ड मिळू लागले.

आप्पा ७६ वर्षांचे होते, हे श्रोत्यांच्या ध्यानात असेलच. वहिनी ७१ वर्षांच्या. ज्या रुग्णालयात आप्पांना नेले त्याच्या दाराशी ह्या योजनेची पाटीदेखील होती. खिडकीवरच्या माणसाने विचारले नाही, आणि मुलाने सांगितले नाही. मी मुलाला नंतर विचारले, तर तो ओशाळून म्हणाला, "काका, मला वाटलं ते कार्ड पिवळ्या रेशनवाल्यांचं असतं." कार्ड मग चार दिवसांनी निघालेही असते. पण ही योजना रोकडविरहित आहे. एकदा खिशातून भरलेले पैसे ती परत देत नाही. दोन लाख चाळीस हजार रुपये त्या पंधरा मिनिटांत गेले.

त्या मुलाला मी दोष देत नाही. आपण पांढरपेशे लोक सरकारी मदतीच्या रांगेला बिचकतो. दवाखान्यासाठी पाटल्या गहाण टाकण्यात आपल्याला कमीपणा वाटत नाही, तो झाकता येतो. पण 'मोफत' असे लिहिलेल्या खिडकीपाशी उभे राहण्यात वाटतो. इंदूरच्या मराठी घरांतून मी हा संकोच लहानपणापासून पाहत आलो आहे, आणि माझ्या अंगातही तो आहे. हे कार्ड म्हणजे दान नव्हे. आपण भरलेल्या करांतून ते चालते. पण तर्काने संकोच जात नाही.

अर्थात सारा दोष आपल्याच माथी घेण्याचेही कारण नाही. योजनेत उणिवा आहेत, आणि महालेखापरीक्षकांनी २०२३ साली त्यांचा पाढा वाचला आहे. एकाच खोट्या दूरध्वनी क्रमांकाला सुमारे साडेसात लाख लाभार्थी जोडलेले सापडले. मरण पावलेल्यांच्या नावे पुढे उपचार झाल्याच्या नोंदी निघाल्या. आणि कार्ड असूनही रुग्णांना पदरचे पैसे मोजावे लागल्याचे आढळले. शिवाय ही योजना रुग्णालयात दाखल झालेल्यांची. दाखल होण्याआधीचे तीन दिवस आणि घरी आल्यावरचे पंधरा दिवस तिच्यात येतात. सोळाव्या दिवसापासून गोळ्यांचा खर्च ज्याचा त्याने करावा. मधुमेह, रक्तदाब, दमा ही दुखणी माणसाला क्वचितच दाखल करतात, पण महिन्याच्या महिन्याला थोडे थोडे पोखरतात, आणि त्या खर्चात मोठा वाटा औषधांचा असतो. ह्यासाठीच मध्यप्रदेशाने नोव्हेंबर २०१२ मध्ये सरकारी रुग्णालयांतून विनामूल्य औषधे देण्याची योजना सुरू केली, आणि केंद्राच्या जनऔषधी दुकानांतून तेच औषध साध्या नावाने पुष्कळ स्वस्त मिळते. सरकारने किमतीवर लगाम घातला तर काय होते, ह्याचेही एक ठळक उदाहरण आहे. आप्पांना बसवली तशी औषध लावलेली जाळीची नळी पूर्वी लाख-सव्वा लाखाला विकली जाई. फेब्रुवारी २०१७ मध्ये तिची कमाल किंमत २९,६०० रुपये ठरवण्यात आली. तेवढ्या एका आदेशाने किती घरांतल्या पाटल्या घरातच राहिल्या असतील, त्याचा हिशेब कोणी मांडलेला नाही. देशाच्या एकंदर आरोग्यखर्चात लोकांच्या खिशातून जाणारा हिस्सा २०१३-१४ साली शेकडा ६४ होता, तो २०२१-२२ साली शेकडा ३९ वर आला असे राष्ट्रीय आरोग्यलेखे सांगतात. ही घट लहान नाही. उरलेला हिस्साही लहान नाही.

अनामत रकमेविषयी एक शब्द बोलल्यावाचून राहवत नाही. पुण्यात २०२५ च्या एप्रिलात एका गर्भवती स्त्रीच्या मृत्यूनंतर दाखल करण्यापूर्वी मागितल्या जाणाऱ्या अनामतीचा प्रश्न साऱ्या महाराष्ट्रात गाजला. तेथे धर्मादाय रुग्णालयांनी शेकडा १० खाटा निर्धनांसाठी विनामूल्य आणि शेकडा १० दुर्बल घटकांसाठी सवलतीने ठेवाव्यात, असा दंडक २००६ पासून आहे; पण त्या खाटांचा शोध घेत फिरण्याइतका वेळ आजारी माणसाच्या नातलगांपाशी असतो कोठे? तसेच बिलाच्या वादावरून रुग्णाला किंवा मृताच्या देहाला अडकवून ठेवता येत नाही, असे मानवी हक्क आयोगाने २०१८ साली तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत म्हटले आहे आणि केंद्राने ती राज्यांकडे पाठवली आहे. ती सनद रुग्णालयाच्या भिंतीवर लावलेली असावी. बहुतेक ठिकाणी तिच्या जागी अनामतीचे दरपत्रक दिसते.

गेल्या महिन्यात मी, आप्पा आणि वहिनी असे तिघे मिळून कार्ड काढण्यास गेलो. माझेही काढावयाचे राहिलेच होते. लोकांना शहाणपण सांगण्यापूर्वी ते आटोपलेले बरे. आप्पांचे काम पाच मिनिटांत झाले. वहिनींच्या बोटांचे ठसे काही केल्या यंत्रावर उमटेनात. आयुष्यभर भांडी घासून रेषा झिजल्या आहेत. खिडकीवरची मुलगी समंजस होती. तिने सांगितले, "आजी, ठसा राहू दे, चेहरा दाखवा," आणि हातातला फोन समोर धरला. वहिनींनी पदर डोक्यावर घ्यावा की नको, म्हणून आप्पांकडे पाहिले. कार्डावर नाव बरोबर आले, जन्मवर्षही बरोबर आले. परत येताना रिक्षा सराफ्यावरून गेली. व्याजाची तारीख पाचवी असते, आणि त्या दिवशी चार तारीख होती, म्हणून आम्ही तेथेच उतरलो.